पायलटनं घाईत उडी मारली म्हणणाऱ्या भाऊले

वर एका भाऊनं लिवलं का इंजिन बंद पडल्यावर पायलटनं विमान सोडून द्यायची घाई केली. अरे बावा, मिग-२१ या लढाऊ विमानाले इंजिनच एक, थे बसलं अन् उंची कमी असली तं हातात काही सेकंदच, तिकोनी लहान पंख, तरंगत कुठवर जाईन? २०२३ मधी राजस्थानात हनुमानगडकडं मिग घरावर पडलं, तीन बाया गेल्या, पायलट वाचला, म्हनून त्याले शिव्या कायले? २०२४ मधी जैसलमेरले पडलेलं तेजस लढाऊ विमानही एकाच इंजिनाचं. आमच्याकडं पराटी वेचताना विमान आलं का बाया ओटी धरून वर पाहत उभ्या रायतात, पळनार कुठं? बोलायचंच तं त्या बायांच्या घरच्यांले काय भेटलं थे बोला.