मदत हवी आहे: एफ-४ व्हिसाची रांग आणि मुलीचं वय

माझे मोठे दीर न्यू जर्सीत असतात, अमेरिकेचे नागरिक आहेत. त्यांनी २००८ साली यजमानांसाठी भाऊ-बहीण गटात, म्हणजे एफ-४ मध्ये, आय-१३० हा नातेवाइकाला बोलावण्याचा अर्ज भरला. तो २०१२ मध्ये मंजूर झाला. तेव्हापासून आम्ही वाट बघतोय. या गटाला जगभरासाठी वर्षाला साधारण ६५,००० व्हिसा आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारताची रांग मुंगीच्या पावलांनी सरकते हे कळतं.

खरी काळजी लेकीची आहे. ती २३ वर्षांची आहे. सीएसपीए या मुलांचं वय धरण्याबद्दलच्या अमेरिकी कायद्यानुसार अर्ज मंजुरीत गेलेला काळ वयातून वजा होतो, म्हणजे हिशेबाने ती आज १९ची. पण याच हिशेबाने २१ च्या आत आमची तारीख लागली नाही, म्हणजे रांगेत आमचा नंबर आला नाही, तर ती आमच्या अर्जातून बाहेर पडेल. त्यात ती अविवाहितच हवी. इकडे चांगली स्थळं सांगून येतायत. तिला किती थांबवायचं?

रांग कुठवर आली ते सांगणाऱ्या अमेरिकेच्या मासिक व्हिसा बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात: ‘फायनल अ‍ॅक्शन’ (व्हिसा प्रत्यक्ष मिळू शकण्याच्या तारखा) आणि ‘डेट्स फॉर फायलिंग’ (कागद दाखल करता येण्याच्या तारखा). मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत होणार असेल, तर वय ‘फायनल अ‍ॅक्शन’ तक्त्यावरच ठरतं ना? ‘डेट्स फॉर फायलिंग’मध्ये आपली तारीख आली आणि एनव्हीसीची (नॅशनल व्हिसा सेंटरची) फी भरली, तर वयासाठी त्याचा काही उपयोग होतो का?

मुलांचं वय काठावर असताना एफ-४ मधून गेलेलं कुणी इथे असेल, तर कृपया अनुभव सांगा. वकिलाकडे जाताना कोणते कागद न्यावेत, तेही कळवा.