बाळाची लघवी अडली, तर हृदयाचा इको कशाला?

सोनचाफा: काल इथं एकाने लिहिलं, ‘पाचव्या महिन्यात पोटातल्या बाळाची लघवी अडलेली दिसली की लगेच त्याच्या हृदयाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी सांगतात. नुसता धंदा. मूत्राशयाचा आणि हृदयाचा काय संबंध?’ वाचून डोकं फिरलं, म्हणून लांबलचक लिहितेय. सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच. मूत्रमार्गात पडदा आला की मूत्राशय तुडुंब भरतं, दोन्ही मूत्रपिंडं फुगतात, पाणी आटतं आणि छाती दाबली जाऊन फुप्फुसं खुंटतात. अशा काही बाळांच्या हृदयाच्या भिंती जाड झालेल्या आणि हृदयाभोवती पाणी साठलेलं सापडलंय. शंट, म्हणजे अडलेली लघवी मूत्राशयातून बाहेर काढणारी बारीक नळी, टाकायचा की नाही, हे हृदय न बघताच ठरवायचं?

आबा_सातारकर: तो ‘एकजण’ मीच. पोटातल्या बाळाचं रक्त नाळ साफ करते. मग मूत्रपिंड बिघडलं तरी हृदयावर ताण कसला? सुनेच्या वेळी एकाच बाजूला जराशी सूज होती. इको सांगितला आणि घरात चूल पेटली नाही. नातू आज शाळेत पळतोय.

सोनचाफा: आबा, रक्त नाळ साफ करते हे बरोबर. पण बिघडलेल्या मूत्रपिंडातून रेनिनसारखी दाब वाढवणारी द्रव्यं सुटतात, त्याचा ताण हृदयावर येतो असं मानतात. आणि एका बाजूची किरकोळ सूज बहुतेक आपोआप जाते. मी बोलतेय ते वेगळं दुखणं.

निलेश_पुणे: शंटचं एवढं कौतुक नको. इंग्लंडमधून चालवलेली शंटचीच प्लूटो चाचणी बघा, २०१३. भाग घ्यायला गरोदर बायका मिळेनात म्हणून ३१ वरच थांबवली. शंटच्या गटात १६ पैकी ८ बाळं २८ दिवस जगली, शंट न ठरवलेल्या गटात १५ पैकी ४. दोन वर्षांनी मूत्रपिंडं धड होती फक्त दोघांची.

माहेरवाशीण: खरा छळ वेगळाच आहे. हा पडदा फक्त मुलग्यांत असतो. म्हणजे निदान सांगितलं की लिंग सांगितल्यासारखंच! बहिणीच्या वेळी डॉक्टरांनी स्क्रीन भिंतीकडे वळवली, रिपोर्टवर ‘मूत्राशयाच्या मुखाशी अडथळा’ एवढंच. भावजी विचारत राहिले, नक्की काय अडलंय? उत्तर नाही. घाबरलेल्या आईबापांना अर्धवट सांगायचं, हा कुठला न्याय?

बीडची_लेक: न्याय? २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. २०१२ चं परळीतलं बेकायदा गर्भपातांचं प्रकरण विसरलात? लिंगनिदानबंदीचा कायदा सैल केला की पहिला बळी आमचाच.

माहेरवाशीण: सैल करा कोण म्हणालं? आजारी बाळाच्या आईला आजार कळावा एवढंच म्हणतेय. तोंडात शब्द घालू नका!

रेडिओलॉजीवाला: प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी या कायद्याखाली भरायच्या फॉर्म एफमध्ये एक रकाना चुकला तरी मशीन सील होऊ शकतं. डॉक्टर शब्द मोजून बोलणारच. पण अडथळ्याने काय होतंय, पुढे काय करायचं, हे लिंग न सांगताही नीट समजावता येतं. बहिणीला तेवढं मिळालं नाही, ते चुकलंच.

बीडची_लेक: एवढं मान्य.

सोनचाफा: मूळ मुद्द्यावर या. चोवीस आठवड्यांनंतर गर्भपाताचा विचार करायचा तर मेडिकल बोर्डाची पायरी. इको लांबवला की निर्णयाला दिवसच उरत नाहीत.

आबा_सातारकर: दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली आणि पाणी कमी, तर करा इको. पण एका बाजूच्या सुजेला करायला लावू नका, हे तुम्हीही लिहा.

सोनचाफा: लिहिलं. आता ‘धंदा’ हा शब्द मागे घ्या.

आबा_सातारकर: आमच्या बिलापुरता घेणार नाही.