विषय: लेक नववीला ठाण्यात, गणिताचं काय?

प्रेषक: एडिसनहून एक आई

नमस्कार मंडळी,
न्यू जर्सीतलं बिऱ्हाड आवरून आम्ही जूनअखेर कायमचे ठाण्याला येतोय, घोडबंदर रोडला. लेक नववीत बसेल. तिचं ‘अल्जिब्रा १’ झालंय, गणितात बरी आहे. पण सासूबाई रोज फोनवर म्हणतात, “तिकडचं गणित इथे चालायचं नाही, आत्ताच क्लास लावा.” खरंच ती एवढी मागे पडेल का? शिवाय स्टेट बोर्ड की सीबीएसई, तेही ठरत नाहीये.

---

प्रेषक: जुना सभासद, आता नौपाडा

ताई, आम्ही याच वाटेने परतलो, म्हणून सविस्तर लिहितो.

मागे पडायचा प्रश्न नाही, मांडणीच वेगळी आहे. तिकडे एका वर्षी एकच विषय: अल्जिब्रा, मग जिओमेट्री, मग पुन्हा अल्जिब्रा. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती वर्षानुवर्षं जोडीने चालतात. त्यामुळे स्टेट बोर्डाच्या नववीतल्या भाग १ मधलं बहुपदी, दोन चलांतील रेषीय समीकरणं वगैरे तिला जड जाणार नाही. घोडं अडतं भाग २ मध्ये.

समद्विभुज त्रिकोणाच्या समान बाजूंसमोरचे कोन समान असतात, हे आमच्या चिरंजीवांना केव्हाचं माहीत होतं. पण इथे पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असं सगळं मांडावं लागतं. शिरोबिंदूतून कोनदुभाजक काढायचा, दोन त्रिकोण बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीने एकरूप दाखवायचे, आणि प्रत्येक ओळीपुढे कारण द्यायचं: पक्ष, रचना, सामाईक बाजू. साहेबांनी सुबक आकृती काढली आणि खाली लिहिलं, ‘दिसतंयच की.’ बाईंनी आकृतीपुरते गुण दिले. (इंग्रजी माध्यमात बाकोबाला एसएएस म्हणतात, कटकट तीच.)

बोर्डाचं म्हणाल तर स्टेट बोर्डाच्या दहावीला बीजगणित 40, भूमिती 40, असे दोन तासांचे दोन पेपर, आणि शाळेकडचे 20. सीबीएसईला 80 चा एकच पेपर, अधिक 20. तिथे 2020 च्या परीक्षेपासून दहावीला ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ असे दोन पर्याय आहेत. पुढे गणित ठेवायचं असेल तर सरळ स्टँडर्ड घ्यावं. कॅल्क्युलेटर दोन्हीकडे नाही, तेव्हा तो आतापासूनच कपाटात टाका.

माझं मत विचाराल तर स्टेट बोर्ड. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, तुम्ही येईपर्यंत बरंच शिकवून झालेलं असेल. स्टेट बोर्डाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणजे फार बुडणार नाही.

क्लासचे पैसे आत्ताच भरू नका. ईबालभारतीवर पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात. आठवीचं गणित उतरवून घ्या आणि समांतर रेषा व छेदिका, शिरोलंब व मध्यगा, त्रिकोणांची एकरूपता, चौकोन रचना एवढंच करून घ्या. चक्रवाढव्याज जमलं तर बघा.

---

प्रेषक: नेरूळची मावशी

भाऊंचं भूमितीबद्दल पटलं, पण लेकीजवळ आहे तेही वाया घालवू नका. तिकडची मुलं आलेख वाचतात. रेषेचा उतार म्हणजे एक वाढलं की दुसरं किती वाढतं, हे त्यांना आठवीतच कळलेलं असतं. इथे उतार येतो दहावीच्या निर्देशक भूमितीत, सीबीएसईत तर थेट अकरावीत, आणि बहुतेक पोरं सूत्र तेवढं घोकतात. मी नेरूळला शिकवण्या घेते, रोज बघते. उताराचा अर्थ विचारला की चांगली नव्वदवाली मुलंसुद्धा फळ्याकडे बघत बसतात. स्टेप्स लिहायला दिवाळीपर्यंत जमतं, त्यात काही दिव्य नाही. हे मात्र क्लास लावून येत नाही.

---

प्रेषक: एडिसनहून एक आई

भाऊ, मावशी, दोघांचेही आभार. पुस्तक उतरवलं. लेकीने शिरोलंबाचं पान उघडलं आणि पहिला प्रश्न, “गुण्या म्हणजे कुठलं?” कंपासपेटी इथून घेऊन येऊ का?

---

प्रेषक: जुना सभासद, आता नौपाडा

इथेच घ्या. गोखले रोडला कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल. आणि सासूबाईंना सांगा, क्लासचं सहामाही झाल्यावर बघू.