'सिंदूर ऑफर'चा फ्लेक्स, मलाच जास्त लागतंय का?

डोंबिवलीकर७८:
मागच्या वर्षीची, म्हणजे मे २०२५ ची गोष्ट आहे पण डोक्यातून जातच नाही म्हणून विचारतोय. २२ एप्रिलला पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात २६ जण गेले, त्यातले तिघे आमच्या डोंबिवलीचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भागशाळा मैदानात अंत्यदर्शनाला मी पण होतो, पाय ठेवायला जागा नव्हती, शेजारच्या काकू पदर तोंडाला लावून नुसत्या उभ्या होत्या. मग ७ मेला ऑपरेशन सिंदूर झालं आणि आठ-दहा दिवसांत स्टेशनजवळच्या एका साडीच्या दुकानावर फ्लेक्स लागला. वर तिरंगा, मधे सेनेच्या लोगोतला तोच सांडलेल्या कुंकवाचा करंडा, आणि खाली मोठ्या अक्षरात 'सिंदूर ऑफर, लाल साड्यांवर २०% सूट'. आत जाऊन म्हटलं हे काढा, तर मालक म्हणाले, "अहो दादा, आपण जवानांना सलामच करतोय ना." मला काही बोलताच आलं नाही, तसाच बाहेर आलो. तुम्ही काय बोलला असता?

अनघा_पुणे:
तुम्हालाच नाही, मलाही लागलं असतं. पण दुकानदाराचं काय घेऊन बसलात, ऑपरेशन झालं त्याच ७ मेला 'ऑपरेशन सिंदूर' नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज गेले होते, तेही मनोरंजनाच्या वर्गात! त्यात रिलायन्सचा पण होता, लोक भडकल्यावर दुसऱ्या दिवशी मागे घेतला आणि कनिष्ठ कर्मचाऱ्याने परवानगी न घेता केला असं सांगितलं. सिनेमाची नावं रजिस्टर करायला पण रांग लागलेली. सीमेवर गोळीबार चालू होता हो तेव्हा, पूंछमध्ये लोक मरत होते.

मिलिंद_न्यूजर्सी:
इकडे पण हेच. ९/११ म्युझियम मे २०१४ मध्ये उघडलं, ओळख न पटलेले अवशेष त्याच इमारतीत ठेवलेत आणि तिथेच गिफ्ट शॉप. त्यात अमेरिकेच्या नकाशाच्या आकाराची चीजची प्लेट होती, जिथे जिथे विमानं पडली तिथे बदाम काढलेला. घरच्यांनी आवाज उठवला तेव्हा ती काढली. म्युझियम चालवायला पैसा लागतो हे मला पटतं, तिकीट घ्या, पुस्तकं विका, पण त्या बदामावर चीज कापून पाहुण्यांना द्यायचं?

गिरगावकर:
मी थोडं वेगळं म्हणेन. कुलाब्याच्या लिओपोल्ड कॅफेमध्ये २६/११ च्या गोळ्यांच्या खुणा भिंतीत तशाच ठेवल्यात, लोक त्या बघत बिअर पितात, मला ते खटकत नाही कारण त्या रात्री त्यांची स्वतःची माणसं पण मेली, ती भिंत त्यांची आहे. २००८ ला विलासराव ताजची पाहणी करायला गेले तेव्हा सोबत सिनेमा दिग्दर्शक रामगोपाल वर्मा होते, त्यावर केवढा गदारोळ झाला आठवतंय ना, थोड्याच दिवसांत मुख्यमंत्रीपद गेलं. तेव्हा लोकांना लाज वाटत होती, आता असल्या फ्लेक्सखाली उभे राहून सेल्फी काढतात. डोंबिवलीकर, तुमच्या त्या दुकानदाराचं त्या तीन घरांशी काय नातं? एकदा तरी तिकडे जाऊन आला का तो?

डोंबिवलीकर७८:
@गिरगावकर ते मी विचारलंच नाही. लग्नसराई संपल्यावर फ्लेक्स उतरला. पण परत जाणार आहे, भांडायला नाही, फक्त एवढंच विचारायला की तुमच्या फ्लेक्सवरच्या करंड्यातलं कुंकू सांडलेलं का होतं ते माहितीये का तुम्हाला.