स्टॅक पॉलीचं काय करायचं? (फॅमिली ग्रुप)

दादा: स्कॉटलंडच्या प्लॅनमधून रात्री स्टॅक पॉलीचा डोंगर कुणी काढला? आणि त्या जागी उल्लापूल गावात "आराम" कुणी घातला? विचारायची काही पद्धत?

मोठे काका: मी. ६१२ मीटरच्या टेकाडासाठी अख्खा दिवस कशाला?

दादा: काका, उंचीवर जाऊ नका. पूर्वेकडून वळसा घालून मागच्या अंगाला गेलं की समोर इन्व्हरपॉलीचं सगळं रान उघडतं. घर नाही, रस्ता नाही. दलदल, कातळ आणि तळीच तळी. त्यात सुइल्वन डोंगर एकटाच उभा. पश्चिमेला समुद्र आणि समर आइल्स ही बेटं. एवढ्या लांब आपण आणखी कशासाठी चाललोय?

ताई: पश्चिम टोकाला कुणीही जायचं नाही. खरा माथा तिथे आहे आणि शेवटी कातळ चढावा लागतो.

धाकटे काका: मग "माथा गाठला" म्हणून फोटो कुठला टाकू?

ताई: पश्चिम टोकाला कुणीही जायचं नाही.

आत्या: माझे गुडघे आहेत का कुणाच्या लक्षात? मागच्या वेळी मला हॉटेलात बसवून गेलात. तेव्हा मी काही बोलले नाही.

वहिनी: आत्या, डोंगराभोवती नीट बांधलेली वाट आहे. जमेल तिथपर्यंत जाऊ, मी थांबते तुमच्यासोबत. पूर्वी लोक सरळ वर चढायचे, त्याने उतार पार खरवडून निघाला. म्हणून वाट सोडायची नाही, ओल असली तरी.

दादा: रस्ता एकपदरी आहे. समोरून गाडी आली की पासिंग प्लेसला, म्हणजे बाजूच्या रुंद जागेत, थांबायचं. तिथे गाडी लावून फोटो काढायचे नाहीत.

मोठे काका: हे मला उद्देशून?

दादा: सगळ्यांनाच.

धाकटे काका: डोंगराचा वालुकाश्म सुमारे १०० कोटी वर्षांचा. त्याखालचा नाइस खडक ३०० कोटींपर्यंत जुना. अखेर आपल्या मोठ्या काकांपेक्षा वडीलधारं कुणी सापडलं.

मोठे काका: विषयावर बोल.

आत्या: आणि ते चावणारे किडे?

ताई: मिजेस. वारा असला की त्रास नसतो. जाळीची टोपी घ्या. आणि पश्चिम टोकाला…

धाकटे काका: कळलं गं बाई.

ताई: कळलं नको. "जाणार नाही" असं लिहा, काका.

धाकटे काका: जाणार नाही.

मोठे काका: स्टॅक पॉली परत घातलंय. निघायची वेळ मात्र मी ठरवणार.

आत्या: मी पहिल्या वळणापर्यंत तरी येणारच.