स्ट्रक्चरल कलरला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. गणपतीच्या आधी नागपुरात महालातल्या चितारओळीत रंगांची माहिती देणारे काही फलक लावायचे आहेत. मूर्तिकारांनी आणि शाळकरी पोरांनी उभ्या उभ्या वाचावेत असे. एका फलकाचा मजकूर माझ्याकडे आहे आणि आठ दिवस मी त्यातल्या ‘स्ट्रक्चरल कलर’ या एका शब्दावर अडून बसले आहे.

विषय असा. काही पॉलिमरचे (प्लास्टिकसारख्या, लांब साखळ्यांच्या पदार्थांचे) रेणू दोन न पटणाऱ्या साखळ्या जोडून बनवलेले असतात. त्या एकमेकींत मिसळत नाहीत आणि बांधलेल्या असल्यामुळे वेगळ्याही होऊ शकत नाहीत. मग त्या आपणहून थरावर थर रचतात. थरांची जाडी बरोबर जमली की त्यांवरून एका ठरावीक रंगाचाच उजेड परत फिरतो. अशा बारीक गोळ्यांची पूड म्हणजे हा नवा रंग. मजकुरात त्याला ‘जैवविघटनशील’, म्हणजे आपोआप कुजणारा, असंही म्हटलं आहे.

कोशात पिगमेंटला ‘रंगद्रव्य’ आहे. पण हळद, गेरू, नीळ यांच्यात रंग द्रव्याचाच असतो. हळद कितीही कुटा, पिवळीच राहते. इथे द्रव्य बिनरंगी आहे, रंग रचनेचा आहे. काल घरातलं मोरपीस खिडकीशी धरून पाहिलं. उजेड समोरून पडला तर डोळ्याचा मधला भाग गर्द निळा. तेच पीस उजेड पाठीमागून येईल असं धरलं तर तपकिरी, वाळक्या पानासारखं. त्यात निळं द्रव्य नाहीच. मेलॅनिनच्या (केसांना काळेपणा देणाऱ्या द्रव्याच्या) सूक्ष्म कांड्या ओळीने लागलेल्या असतात, त्यांच्यातलं अंतर साधारण 140 नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असेल तर निळा, 150 झालं की हिरवा.

‘संरचनात्मक वर्ण’ बरोबर आहे, पण चितारओळीत तो कोणी वाचणार नाही. मला ‘घडणरंग’ सुचतो. तुम्हाला कसा वाटतो?

प्रतिसाद

ताई, माझं घर मोहाडीच्या विणकरांचं. आमच्याकडे ‘धूपछाव’ म्हणतात. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, लुगडं हलवलं की रंग बदलतो. तयार शब्द असताना नवा कशाला? फार तर ‘विणीचा रंग’ म्हणा.

प्रतिसाद

काका, धूपछाव मलाही फार आवडतो. पण त्यातला प्रत्येक धागा आधी रंगाच्या हंड्यातून निघालेला असतो, धागा सोडवला तरी रंग तसाच राहतो. ताई म्हणतात त्या रंगात तसं होत नाही. आणि हे सगळेच रंग कोनाप्रमाणे बदलतात असंही नाही. दसऱ्याला आपण नीलकंठ बघायला शिवारात जातो, त्याचा निळा बाजूने पाहिला तरी निळाच दिसतो. पिसाच्या आत स्पंजासारखी पोकळ जाळी असते, तिचा तो रंग. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1934 साली पिसांच्या रंगांवर निबंध लिहिला त्यात हाच पक्षी आहे. लेखा खात्याच्या नोकरीत ते काही महिने नागपुरात होते, हे इथल्या पोरांना जरूर सांगा.

माझा आक्षेप मजकुरातल्या ‘जैवविघटनशील’ला आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, टाक्यात मूर्ती विसर्जित केली की रंग कुजून गेला. या पॉलिमरांत बरेचदा पॉलिलॅक्टिक आम्ल (एक प्रकारचं कुजणारं प्लास्टिक) असतं आणि ते नीट कुजायला साठेक अंश तापलेलं खत लागतं. गार पाण्यात ते वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं. लाकडातल्या सेल्युलोजपासूनही अशी चमकी बनते, तिची गोष्ट बरी आहे. म्हणून ‘कुजणारा’ म्हणायचं तर कुठे, ते त्याच ओळीत लिहा.

मूळ लेखिका

हे पटलं, ‘गरम खतात कुजणारा’ असंच लिहिते. धूपछाव उदाहरण म्हणून फलकावर घेते, काका, नाव म्हणून नाही.

क्रियापदांचाही घोळ आहे. आपण म्हणतो रंग उडतो, विटतो, उतरतो. यात काहीतरी निघून जातं असं गृहीत आहे. घडणरंग उन्हाने सहसा विटत नाही, तो मोडतो किंवा बुजतो. हे मला काल कळलं. चितारओळीतल्या एका मूर्तिकार काकांना मजकूर वाचून दाखवला. शब्दावर ते काहीच बोलले नाहीत, सरळ विचारलं, “डिंकात कालवला तर राहीन का?” मी म्हटलं, फटींत हवा असेल आणि डिंक आत शिरला तर घडण बुजेल, रंग जाईल. “मंग वरून मारायचा, कोरडा,” ते म्हणाले, आणि परत मूर्तीचे डोळे रेखायला बसले.