मदत हवी आहे: १९६७ च्या कॅमॅरोचे मागचे सस्पेन्शन
नमस्कार. माझ्या १९६७ च्या शेवरले कॅमॅरो गाडीला मागे मूळची एकपाती स्प्रिंग (एकाच पोलादी पट्टीची) असून दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर अ‍ॅक्सलच्या पुढेच आहेत, त्यामुळे जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पाती पिळवटते आणि चाके थडथड उडू लागतात. (१९६८ पासून एक शॉक पुढे व एक मागे आला, तो याचसाठी.) शिवाय पुढची सबफ्रेम (इंजिन व पुढची चाके पेलणारा वेगळा सांगाडा) बॉडीला रबरी माउंटवर बोल्टने जोडलेली असल्याने एक कोपरा जॅकवर उचलला की दार चौकटीला घासते.

आधी सबफ्रेम कनेक्टर (पुढची सबफ्रेम गाडीच्या मागच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या पोलादी पट्ट्या) वेल्ड करावेत, की बहुपाती स्प्रिंग घालाव्यात? माझा कल कनेक्टरकडे आहे. परंतु रबरी माउंट तसेच ठेवून केलेले वेल्डिंग टिकेल का, याची मनापासून काळजी वाटते. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.